पाणी न गाळलेला पास्ता

अल-इद्रिसी ठाण्याला कधीच आला नाही. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या दरबारी बसून, बंदराला लागणाऱ्या खलाशांना आणि व्यापाऱ्यांना खोदून खोदून विचारत त्यानं जगाचा भूगोल लिहिला आणि ११५४ साली तो पुरा केला. त्यात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक देखणं गाव येतं. ते मोठ्या खाडीवर वसलेलं आहे, तिथे गलबतं नांगर टाकतात आणि आसपासच्या डोंगरांत बांबू आणि वंशलोचन मिळतं. हस्तलिखितात नावाचं पहिलं अक्षर बिघडलं आहे, पण अभ्यासक ते ठाणंच मानतात. याच ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची हकिकत आहे. तिथे गव्हाच्या पिठाचे वाळवलेले धागे इतके बनतात की ते जहाजं भरभरून कालाब्रियाला आणि पलीकडच्या मुसलमानी, ख्रिस्ती मुलखांत जातात, असं इद्रिसी सांगतो. सुक्या पास्त्याच्या व्यापाराची ही सर्वांत जुनी लेखी नोंद समजली जाते. म्हणजे ठाणं आणि पास्ता एका पुस्तकात आले त्याला पावणेनऊशे वर्षं होत आली. एका स्वयंपाकघरात यायला मात्र त्यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत थांबावं लागलं.

मध्यंतरी इटालियन माणसं ठाण्याला येऊन गेली, तरीही. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात ठाण्याचं राज्य आहे, तिथला धूप, कातडी, सुती कापड आहे, आणि चाच्यांशी संगनमत करून त्यांनी लुटलेले घोडे स्वतःसाठी ठेवून घेणारा राजाही आहे. हाच तो पोलो, ज्यानं चीनहून इटलीला पास्ता नेला अशी गोष्ट मुलांच्या प्रश्नमंजूषेत अजून विचारली जाते. ती खोटी आहे, आणि कुठून निघाली तेही ठाऊक आहे. अमेरिकेतल्या पास्ता कारखानदारांच्या ‘मकरोनी जर्नल’ या नियतकालिकात ती १९२९ साली आली, आणि पुढे धंद्याला उपयोगी म्हणून टिकली. पोलो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. जिनोआच्या एका नोटरीनं मात्र १२७९ मध्येच कुणा सैनिकाच्या चीजवस्तूंच्या यादीत मकरोनीनं भरलेली पेटी नोंदवून ठेवली आहे. पोलोनंतर तीसेक वर्षांनी पोर्देनोनेचा ओदोरिक हा फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात उतरला. १३२१ मध्ये इथे मारल्या गेलेल्या चार साधूंच्या अस्थी गोळा करून तो पुढे चीनला गेला. ठाण्यातले उंदीर कुत्र्यांएवढे असतात असं त्यानं लिहून ठेवलं आहे. या बाबतीत फारसा बदल नाही. पास्त्याचा मात्र त्यानं इथे शब्द काढला नाही.

हे सगळं सांगायचं कारण इतकंच, की आठवड्यातल्या कुठल्याही बुधवारी रात्री पावणेनऊला डोंबिवली पूर्वेला, कल्याणच्या खडकपाड्याला किंवा घोडबंदर रोडवरच्या एखाद्या बाराव्या मजल्यावर जो मशरूमचा पांढरा, दाटसर पास्ता एकाच पॅनमध्ये शिजतो, त्याचं मूळ शोधायला इटलीच्या वाटेनं गेलं तर हाती काही लागत नाही. त्यातला एकेक जिन्नस वेगळ्या दिशेनं, वेगळ्या साली आला आहे. त्यांना एकत्र आणलं ते लोकलच्या वेळापत्रकानं, असं माझं मत आहे, आणि ते इतर कुणी गंभीरपणे मांडलेलं माझ्या वाचनात नाही.

सुरुवात गव्हापासून करावी लागते, कारण हा मुलूख गव्हाचा नव्हे. ठाणे जिल्हा भाताचा. गहू आला तो घाटावरून, देशावरच्या माणसांबरोबर, आणि नंतर रेशनच्या दुकानातून. १९५६ मध्ये भारतानं अमेरिकेशी पीएल-४८० खाली धान्याचा करार केला आणि साठच्या दशकात मुंबई-ठाण्याच्या रेशन कार्डांवर तो गहू पडू लागला. भात खाणाऱ्या घरांमध्ये रोजची पोळी रुळायला या कार्डाचा हातभार मोठा आहे. पण पास्त्याचा गहू वेगळा. तो कठीण, काचेसारखा तुटणारा, पिवळसर रवा देणारा, डुरम जातीचा. महाराष्ट्रात त्याला बन्सी म्हणतात, आणि तो कोरडवाहू काळ्या जमिनीत पूर्वीपासून पेरला जातो. त्याचा भाऊबंद खपली. दोघांच्या पेशीत २८ गुणसूत्रं, आपल्या पोळीच्या गव्हात ४२. खपली आणि बन्सीच्या रव्याच्या शेवया उन्हाळ्यात गच्चीवर, अंगणात, चाळीच्या गॅलरीत वाळत पडायच्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं, १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या संस्थेनं, या दोन्ही गव्हांचे सुधारित वाण काढले आहेत. तिथल्या ‘एमएसीएस ४०२८’ या डुरम वाणात सुमारे १४.७ टक्के प्रथिनं आहेत. पास्त्याला शिजताना आकार धरून ठेवणारी ताकद प्रथिनांच्या जाळीतून येते, म्हणून हा आकडा इथे महत्त्वाचा. स्वस्त पाकिटातला पास्ता मैद्याचा असेल तर तो एका पॅनमध्ये शिजवताना गिचका होतो. त्यात रांधणाऱ्या माणसाचा दोष नसतो.

तरीही, इटालियन पास्ता आणि आपली शेवई एकच असं मी म्हणणार नाही. हल्ली ‘हे तर आमच्याकडे आधीपासून होतं’ हा सूर फार स्वस्त झाला आहे. शेवई दुधात गेली, गुळात गेली, मोहरीच्या फोडणीत जाऊन उपमा झाली. जेवणाचं मुख्य ताट ती कधी झाली नाही. ते स्थान गव्हाच्या सुक्या धाग्याला मिळवून दिलं पाकिटानं. हैदराबादकडचा बांबिनो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शेवया आणि मागोमाग मकरोनी घेऊन आला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात रव्याच्या बरणीशेजारी वाकड्या नळ्यांचं पाकीट दिसू लागलं ते तेव्हापासून. बहुतेक घरांनी तिचं केलं काय, तर कांदा, टोमॅटो, हळद, तिखट, मटार घालून उपम्यासारखी मकरोनी. आजही डोंबिवलीच्या अनेक डब्यांत ती तशीच जाते आणि उत्तम लागते.

खरा फरक पडला १९८३ मध्ये, नेस्लेनं मॅगी आणली तेव्हा. तिनं पदार्थ फारसा शिकवला नाही, रीत शिकवली. मोजून पाणी उकळायचं, त्यातच सुकं घालायचं, तेच पाणी आटवायचं, काही ओतून द्यायचं नाही. एक पातेलं, एक शेगडी. आई कामावरून यायच्या आत सहावी-सातवीतली पोरं गॅस पेटवायला शिकली ती या पाकिटामुळे. जून २०१५ मध्ये शिशाच्या आरोपावरून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं तिच्यावर बंदी आणली आणि १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं ती उठवली. मधल्या त्या महिन्यांत दुकानांतली पिवळी फळी रिकामी होती, आणि दुसरं काय चटकन शिजतं याचा शोध घराघरांत सुरू झाला. पाकिटातला पास्ता त्याआधीच आला होता. आयटीसीचा सनफीस्ट २००५ च्या सुमारास, नंतर मॅगीचाच ‘पाझ्टा’. त्याच्या चार चवींतली एक मशरूम पेने होती. मशरूम आणि क्रीम ही जोडी ठाण्या-कल्याणच्या किती मुलांनी आधी भुकटीच्या रूपात खाल्ली असेल, कोण जाणे.

आता मशरूम. इथे जरा थांबायला हवं, कारण या पॅनमधला सर्वांत अवघड प्रवास त्याचा आहे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य म्हणून जी यादी आहे तिच्यात लसूण आहे, कांदा आहे आणि कवक म्हणजे अळंबी आहे. आजच्या पॅनमध्ये पडणारे पहिले तीन जिन्नस नेमके हेच. डोंबिवलीची ओळख दीर्घकाळ पांढरपेशी ब्राह्मणी गाव अशी होती. तिथे हे तिघे कोणत्या क्रमानं शिरले ते सांगता येतं. कांदा-लसूण चातुर्मास सोडून केव्हाच आले होते. अळंबी आली शेवटी, आणि तीही देवाच्या परवानगीनं नाही, फ्रिजच्या. जैन घरांत ती आजही येत नाही. ठाण्याच्या हॉटेलांत ‘जैन पास्ता’ वेगळा मागावा लागतो आणि त्यात मशरूमच्या जागी मका असतो.

गंमत अशी, की अळंबीशी या जिल्ह्याचं नातं जुनं आहे, पण ते शहराचं नाही. मुरबाड, शहापूरच्या जंगलात पावसाळ्याचं तोंड लागलं, दोन-चार दिवस कडकडाट झाला की वारुळांवर अळंबी उगवते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी बाया पहाटे जाऊन ती काढतात आणि पानांत बांधून रस्त्याच्या कडेला बसतात. शेवळं, कर्टोली, टाकळा, भारंगीबरोबर तीही खाली शहरांत उतरते. या अळंबीची शेती करता येत नाही. वाळवी जमिनीखाली स्वतःच्या पोटापाण्यासाठी जी बुरशी पोसते, तिचीच ही फळं. वाळवी नसेल तर अळंबी नाही. गोव्यात तिचं अतोनात कौतुक आणि तितकाच भाव. आपल्याकडे मात्र स्टेशनबाहेरची भाजीवाली ती घेऊन बसली तर निम्मी गिऱ्हाइकं ‘विषारी नाही ना?’ विचारून पुढे जायची. भीती अगदीच निराधार नव्हती. ओळखणारा डोळा जंगलात वाढलेल्याचाच असतो, आणि तो डोळा शहरानं कधी मिळवला नाही. म्हणून शहराला हवं होतं सगळ्यांना सारखं दिसणारं, कधी न बिघडणारं, पाकिटातलं मशरूम.

ते पॅरिसहून निघालं. शहराखालच्या चुनखडीच्या जुन्या खाणींमध्ये, अंधारात, घोड्याच्या लिदीवर एकोणिसाव्या शतकात ते मोठ्या प्रमाणावर पिकवलं जात होतं. ते तपकिरी होतं. आज आपण ज्याला बटन म्हणतो ते पांढरंशुभ्र मशरूम १९२६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एका शेतकऱ्याच्या तपकिरी वाफ्यात आपोआप उगवलेल्या एका पांढऱ्या झुबक्यातून आलं. लोकांना पांढरं स्वच्छ वाटलं, म्हणून ते चाललं. भारतात त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली हिमाचलच्या सोलनला, १९६१ मध्ये. १९८३ मध्ये तिथे राष्ट्रीय केंद्र झालं आणि १९९७ मध्ये सोलनला ‘मशरूम सिटी’ अशी पदवीही मिळाली. सोलनला त्याचं जमलं ते हवेमुळे. बटनाला बुरशी पसरताना २२ ते २५ अंश लागतात आणि फळ धरताना १४ ते १८. ठाण्याचा मे महिना यात कुठेच बसत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात ते आलं ते वातानुकूलित खोल्यांतून. गव्हाचं काड, कोंबडीखत आणि जिप्सम कुजवून केलेलं कंपोस्ट, त्यावर मातीचा थर, भिंतीला पंखे आणि विजेचं बिल. पुणे, नाशिक परिसरातल्या अशा खोल्यांतून २०० ग्रॅमच्या, वर प्लॅस्टिक ताणलेल्या डब्या रात्री निघतात आणि सकाळी ठाण्याच्या भाजी मार्केटात, दुपारपर्यंत कल्याण-डोंबिवलीच्या दुकानांतल्या फ्रिजमध्ये पोहोचतात.

ती डबी आधी हॉटेलात गेली. मशरूम मटार, मशरूम मसाला, चायनीजमधलं मशरूम चिली. घरी ती आणायची ती सणावारी नव्हे, तर पाहुण्यांना ‘काहीतरी वेगळं’ म्हणून. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला निघालं आणि पुढच्या काही वर्षांत ठाणे-कल्याण पट्ट्यात त्याची आणि त्याच्यासारख्यांची दुकानं झाली. तिथे थंड फळीवर मशरूम पनीरच्या शेजारी ठेवलेलं असे. मला वाटतं, त्या शेजारानं त्याचं सोवळं-ओवळं मिटवलं. पनीरशेजारी ठेवलेली वस्तू शाकाहारी असणारच, असा समज ग्राहकाचा आपोआप होतो.

पांढऱ्या सॉसचा इतिहास छोटा आहे, पण त्यात गैरसमज फार. आपल्याकडे पांढऱ्या पास्त्याला ‘अल्फ्रेडो’ म्हणायची पद्धत आहे. रोममध्ये आल्फ्रेडो दी लेलिओनं १९०८ च्या सुमारास बाळंत बायकोसाठी जो पास्ता केला असं सांगतात, त्यात लोणी आणि चीज होतं. क्रीम नव्हतं, मैदा तर नव्हताच. आपला पांढरा सॉस फ्रेंच वळणाचा आहे, लोण्यात मैदा परतून दूध घातलेला. तो आला जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या ‘बेक डिश’मधून. त्याला मराठी-गुजराती शाकाहारी घरांत आणण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात तरला दलाल यांना द्यावं लागेल. पुण्यात जन्मलेल्या तरलाबेननी १९६६ मध्ये मुंबईत वर्ग सुरू केले आणि १९७४ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक निघालं. त्यांच्या वर्गाला न गेलेल्या बायकांनीही त्यांच्या कृती वह्यांत उतरवून घेतल्या, शेजारणीकडून शेजारणीकडे. त्या पिढीच्या बेक डिशसाठी ओव्हन लागायचा, सॉससाठी वेगळं पातेलं, भाज्या उकडायला वेगळं, मकरोनीला आणखी एक. रविवारचा कार्यक्रम होता तो. पुढे १९९३ मध्ये ‘खाना खजाना’त संजीव कपूर आले आणि या गोष्टी टीव्हीवर, बघून शिकता येण्याजोग्या झाल्या. मराठीत ‘आम्ही सारे खवय्ये’नं तेच काम केलं. तोवर पुण्याच्या वीकफिल्डचं कॉर्नफ्लोअर घराघरांत कस्टर्डच्या डब्याशेजारी होतंच, त्यामुळे मैद्याच्या गुठळ्यांना घाबरणाऱ्यांचीही सोय झाली.

दुधाची साय हा त्या घरांतला वेगळा हिशेब होता. आठवडाभर साय साठवायची, विरजायची, लोणी, तूप. भाजीत साय घालणं म्हणजे तुपाचं नुकसान. क्रीमला स्वयंपाकात जागा मिळाली ती अमूलच्या खोक्यामुळे. त्यात २५ टक्के स्निग्धांश असतो, उघडेपर्यंत बाहेर टिकतं, आणि मुख्य म्हणजे ते साय म्हणून ओळखू येत नाही, त्यामुळे अपराध वाटत नाही. चीजचंही तसंच. अमूलच्या चौकोनी वडीला इटालियन मंडळी चीज म्हणतील की नाही शंका आहे, पण मंद आचेवरच्या दुधात ती न फाटता, तेल न सोडता विरघळते. हे दूधसंघाचं नव्हे, स्वित्झर्लंडचं देणं. १९११ मध्ये तिथे चीजमध्ये सायट्रेट मीठ घालून ते वितळवण्याची रीत निघाली आणि पाच वर्षांनी अमेरिकेत क्राफ्टनं आपलं पेटंट घेतलं. रात्री नऊला घाईनं स्वयंपाक करणाऱ्याला उत्तम पार्मेजानपेक्षा ही वडी जास्त विश्वासाची, हे माझं ठाम मत आहे. पार्मेजान उकळत्या दुधात टाकून पाहा, धागे आणि गोळे हाती येतात.

एप्रिल २००१ मध्ये सरकारनं परदेशी मालावरची संख्यात्मक बंधनं उठवली आणि इटलीचा डुरम पास्ता, ऑलिव्ह तेल, वाळलेली पानं फळीवर आली. त्याआधी १९९६ पासून पिझ्झाच्या परदेशी साखळ्या देशात आल्याच होत्या. ओरेगानोची खरी पेरणी त्यांच्या छोट्या पुड्यांनी केली. पिझ्झासोबत येणाऱ्या, न वापरलेल्या पुड्या फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात साठतात, आणि बुधवारच्या पास्त्यात त्यातल्या तीन फोडल्या जातात. ओरेगानोची बाटली विकत आणलेली घरं मी कमीच पाहिली आहेत.

पॅनबद्दल मात्र अभिमानानं बोलायला जागा आहे. न चिकटणारं भांडं हा या पदार्थाचा कणा, कारण दूध आणि पीठ एकत्र आटताना तळाला लागल्याशिवाय राहत नाही. ज्या लेपावर ते चालतं तो १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांच्या हाती अपघातानं लागला. पन्नाशीच्या दशकात फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार यांनी तो तव्यावर बसवला. भारतात नॉनस्टिक भांडी आणली औरंगाबादच्या भोगले कुटुंबानं, १९६८ मध्ये, ‘निर्लेप’ या नावानं. लग्नाच्या रुखवतात निर्लेपचा तवा येऊ लागला आणि उलथनं लाकडी झालं. २०१८ मध्ये ती कंपनी बजाज इलेक्ट्रिकल्सकडे गेली. आणि ठाण्यापुरतं सांगायचं तर हॉकिन्सचा कारखाना इथला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं आणि त्याचं पहिलं औद्योगिक क्षेत्र म्हणजे वागळे इस्टेट. ठाणं कारखान्यांचं गाव झालं ते त्या काळात. त्या गावातल्या कामगारांच्या घरात इथेच घडलेला कुकर वाजू लागला, आणि एका भांड्यात, झाकण लावून, पाणी मोजून शिजवायची सवय अधिक पक्की झाली.

‘वन-पॅन पास्ता’ या नावानं जगभर जो गाजावाजा झाला तो जून २०१३ मध्ये. अमेरिकेतल्या मार्था स्टुअर्ट यांच्या मासिकानं एक कृती छापली. कच्ची लिंग्विनी, टोमॅटो, कांदा, लसूण, तुळशीच्या जातीची पानं आणि साडेचार कप पाणी, सगळं एकदम पसरट भांड्यात. मासिकाच्या एका संपादिकेनं ती दक्षिण इटलीत, पुलियात पाहिली होती. गंमत म्हणजे बऱ्याच इटालियनांना ती पाहून धक्का बसला, जरी नेपल्सला बटाटे घातलेला पास्ता पिढ्यान्‌पिढ्या एकाच भांड्यात, पाणी न गाळता होत आला आहे. मोठ्या पातेल्यात चार-पाच लिटर पाणी उकळून, मीठ घालून, पास्ता शिजवून ते ओतून देणं ही रीत कारखान्यातल्या सुक्या पास्त्यासाठी उत्तम आहे. पण तिला मोठी मोरी, दोन शेगड्या आणि मुबलक पाणी लागतं.

इथे ठाणे-कल्याणच्या घराचा मुद्दा येतो. बारवी धरणाचं पाणी ठरावीक वेळेलाच सोडलं जातं, एप्रिल-मेमध्ये कपात लागते, टाकीवर लक्ष ठेवायला सोसायटीत माणूस असतो. अशा घरात एका जेवणासाठी पाच लिटर उकळतं पाणी मोरीत ओतून देणं हातून होत नाही. आजीनं तर होऊच दिलं नसतं. आणि एकाच भांड्यात कणीक शिजवणं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तुरीच्या आमटीत पोळीचे चौकोनी तुकडे सोडून केलेली वरणफळं, सातारा-कोल्हापूरकडच्या चकोल्या याच तत्त्वावर चालतात. पिठातला स्टार्च पाण्यात उतरतो, पाणी दाट होतं आणि तेच सार म्हणून खायचं. म्हणून २०१३ ची ती कृती मोबाइलवरून इथे पोहोचली तेव्हा, निदान मी पाहिलं तिथे, कुणाला नवल वाटलं नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तिला वेग आला इतकंच.

आता वेळापत्रक. मुंबई ते डोंबिवली हे अंतर रेल्वेनं सुमारे ४८ किलोमीटर. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्या वर्षी १ मे रोजी कल्याणपर्यंत, आणि तिथपासून या गावांचं संध्याकाळचं जेवण गाडीच्या हिशेबानं ठरू लागलं. सहाला ऑफिस सुटलं तर आठच्या आसपास घर. बायकांच्या डब्यात मटार सोलणं, मेथी निवडणं हा त्यातूनच आलेला स्वयंपाकाचा पहिला टप्पा. पुढे चिरलेली भाजी डब्यातच विकत मिळू लागली. पोळी-भाजी केंद्रं डोंबिवलीत गल्लोगल्ली निघाली ती याच कारणानं. मशरूम पास्ता या मालिकेतला पुढचा आहे. त्याला निवडणं नाही, लाटणं नाही, कुकरच्या शिट्ट्या नाहीत, आणि पोरं कटकट न करता खातात. पोळी-भाजी केंद्र बंद झाल्यावर आलेल्या उशिराच्या गाडीचं हे जेवण आहे.

कृती सगळ्यांना पाठ असते, तरी काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण त्या बिघडतात. तिघांसाठी २०० ग्रॅम पेने आणि मशरूमची एक डबी. मशरूम भिजत घालू नयेत. त्यांच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी आधीच आहे, नळाखाली धरून पुसले की झालं. पसरट पॅन चांगला तापू द्यावा, लोणी आणि थोडं तेल, काप एका थरात, आणि मीठ अजिबात नाही. मीठ पडलं की पाणी सुटतं आणि ते परतायच्या ऐवजी उकडले जातात, रबरासारखे होतात. कडा तांबूस झाल्या की बाजूला सारून लसूण, कांदा, मिरपूड. मग कच्चा पास्ता, दोन कप पाणी, आता मीठ, झाकण. सात-आठ मिनिटांनी दूध, एक कप, कोमट. आधीच दूध घातलं तर ते तळाला लागतं आणि उतू जातं. झाकण काढून तीन-चार मिनिटं हलवत राहायचं, याच वेळी सॉस धरतो. मैदा लागत नाही, कारण ओतून न दिलेला स्टार्च तिथेच आहे. गॅस बंद करून मगच दोन चमचे क्रीम आणि चीजची वडी. पॅनमध्ये पास्ता थोडा पातळ दिसला तर तसाच वाढावा. ताटात येईपर्यंत तो घट्ट होतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यात तर चमचा उभा राहतो. तिथे अर्धी वाटी दूध घालून गरम करावं.

पावसाळ्यात बटनाऐवजी धिंगरी अळंबी वापरून पाहावी. ती भाताच्या पेंढ्यावर होते, २० ते ३० अंशांत, वातानुकूलित खोलीशिवाय, त्यामुळे या दमट किनारी जिल्ह्याच्या हवेला ती साजेशी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात तिचं प्रशिक्षण मिळतं, आणि मुरबाड-शहापूरला पेंढ्याची वानवा नाही. शिजवताना सुरी नको, हातानं उभे तुकडे फाडावेत. बटनापेक्षा ती कमी पाणी सोडते आणि लवकर तांबूस होते, तेव्हा लसूण दोन पाकळ्या जास्त आणि आच थोडी कमी.